एका बदलीच्या अर्जाची कथा

सन 1897 च्या सप्टेंबर महिन्यात सिकंदराबादच्या छावणीतील एका लष्करी डॉक्टराच्या हाती ताबडतोब मुंबईस निघण्याचा हुकूम पडला. त्या दिवसांत अशा हुकमांचे कोणाला नवल वाटत नसे. वायव्य सरहद्दीवर पठाण टोळ्यांनी उठाव केला होता, पलटणी उत्तरेकडे चालल्या होत्या, आणि पलटण हलली की तिच्यामागून डॉक्टर हलावयाचाच. हा डॉक्टर मुंबईस पोहोचला तेव्हा मात्र सरहद्दीचे नाव मागे पडले. त्याची रवानगी झाली राजपुतान्यात. उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास मैलांवर खेरवाडा नावाचे एक लहानसे लष्करी ठाणे आहे. तेथील मेवाड भिल्ल पलटणीच्या प्रकृतीची देखरेख त्याच्याकडे सोपविण्यात आली होती.

डॉक्टराचे नाव सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस. बदली त्याला हवीच होती. ती मिळावी म्हणून त्याने स्वतः खटपट केली होती, लंडनमधल्या त्याच्या स्नेह्याने त्याच्यासाठी शब्द टाकला होता. पण मागितली होती ती बदली निराळी आणि पदरात पडली ती निराळी. शिवाय ती पडली अशा घटकेला, की त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. रॉसचा स्वभाव कपाळाला हात लावणाऱ्याचा नव्हता. तो संतापला, आणि लेखणी घेऊन बसला.

रॉसचा जन्म 1857 सालचा, अलमोड्याचा. बाप हिंदुस्थानच्या फौजेत अधिकारी होता. मुलाला कवी व्हावयाचे होते, चित्रकार व्हावयाचे होते. गणिताचीही त्याला गोडी होती. बापाने त्याला वैद्यकाकडे ढकलले. 1881 मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरला आणि मद्रास इलाख्याच्या वाट्याला आला. पुढली दहा-बारा वर्षे त्याने मद्रास, बंगलोर, ब्रह्मदेश, अंदमान अशा ठिकाणी काढली. छावणीतल्या डॉक्टराला त्या काळी काम बेताचे असे. उरलेल्या वेळात रॉसने कविता केल्या, कादंबऱ्या लिहिल्या, गणिते सोडविली. त्याच्या हातून वैद्यकात काही मोठे घडेल अशी लक्षणे कोणाला दिसत नव्हती.

ज्या खात्यात तो शिरला त्याची घडण ध्यानात घेतल्यावाचून पुढली हकीकत नीट उमगणार नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मुळात लष्करी सेवा. तिच्यातला प्रत्येक डॉक्टर प्रथम पलटणीचा. तेथून काही जणांना मुलकी कामासाठी उसने दिले जाई. कोणी जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन होई, कोणी तुरुंगाचा अधीक्षक, कोणी वैद्यकीय शाळेत अध्यापक. लढाई उभी राहिली की उसने दिलेला माणूस परत मागण्याचा लष्कराचा हक्क शाबूत असे. या व्यवस्थेत संशोधनाला जागा अशी नव्हतीच. ज्याला एखाद्या रोगाचा छडा लावावयाचा असेल त्याने ‘खास कामगिरी’ मागून घ्यावयाची. म्हणजे आपल्या नेहमीच्या जागेवरून काही मुदतीसाठी मोकळे होऊन, पगार चालू ठेवून, एकाच कामाला लागावयाचे. आता मोकळे करणारा कोण? तर ज्याच्या हाताखाली जागा रिकामी पडणार तोच, निदान त्याचे वरिष्ठ. ज्याची अडचण होणार त्याच्याच मेजावरून अर्ज पुढे जावयाचा, ही सरकारी व्यवहारातली जुनी गंमत आहे; आणि ती एकट्या इंग्रजी अमदानीची नव्हे.

रॉसला खास कामगिरीची ओढ लागली ती 1894 नंतर. त्यापूर्वी त्याने हिवतापावर लेख लिहिले होते, पण ते उलट बाजूने. लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराने 1880 साली अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात परोपजीवी जंतू पाहिले होते. आपल्या मुंबईत 1887 मध्ये व्हॅन्डाइक कार्टर यांनी तेच जंतू पाहून लाव्हरांच्या म्हणण्यास दुजोरा दिला होता. मद्रासकडच्या रॉसला मात्र ते जंतू काही केल्या दिसेनात, आणि जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असे त्याने छापूनही टाकले होते. 1894 मध्ये रजेवर विलायतेस गेला असता तो पॅट्रिक मॅन्सन यांना भेटला. मॅन्सन यांनी चीनमध्ये अनेक वर्षे वैद्यकी केली होती आणि हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात हे 1877 च्या सुमारास दाखविले होते. त्यांनी रॉसला सूक्ष्मदर्शकाखाली लाव्हरांचे जंतू दाखविले. आणि हिवतापाचा जंतूही डासाच्या पोटातच पुढली अवस्था गाठीत असला पाहिजे, हा आपला तर्क सांगितला. तर्कातला पुढला भाग चुकीचा होता: डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असे मॅन्सन समजत. पण डासाकडे बोट दाखविले ते त्यांनी, आणि रॉसला तेवढे पुरले.

1895 च्या वसंतात रॉस परत आला आणि सिकंदराबादेस एकोणिसाव्या मद्रास पलटणीत रुजू झाला. पलटणीतले हिवतापाचे रोगी हाताशी, डासांना तोटा नाही, फावला वेळ भरपूर. त्याने कामास सुरुवात केली. पाच-सहा महिने गेले नाहीत तोच बंगलोरला पटकीची साथ आली आणि तिच्या बंदोबस्तासाठी त्याला तिकडे पाठविण्यात आले. गटारे, विहिरी, पाण्याचे नळ आणि म्युनिसिपालिटीची कागदपत्रे यांत 1897 उजाडले. काम महत्त्वाचे होते व त्याने ते चोख केले, यात शंका नाही. तथापि बंगलोरहून तो मॅन्सनना जी पत्रे लिही, त्यांत डास थोडे आणि तक्रारी फार.

या दोघांचा पत्रव्यवहार हा वैद्यकाच्या इतिहासातला एक विलक्षण ऐवज आहे. चार वर्षांत रॉसने शंभरावर पत्रे लिहिली. रोज काय पाहिले, काय चुकले, कोणता डास कसा मेला, याची ती रोजनिशीच आहे. आणि त्याच पत्रांतून दुसरी एक कथा वाहत जाते, ती बदलीची. रॉसला खास कामगिरी हवी. सरकार देत नाही. मॅन्सननी लंडनमध्ये कोणाला गाठावे, कोणापुढे शब्द टाकावा, याची मसलत चालते. सरळ मार्गाने अर्ज आणि आडवाटेने वशिला, अशी ही दुहेरी चाल होती. शिस्तीच्या काटेकोर दृष्टीने ती निर्दोष म्हणता येणार नाही. आपल्या वरिष्ठाच्या डोक्यावरून त्याच्या वरिष्ठाला गाठणे कोणत्याही खात्यात खपत नाही. पण मॅन्सन सरकारचे नोकर नव्हते, आणि 1897 मध्ये ते ब्रिटिश वसाहत खात्याचे वैद्यकीय सल्लागार झाल्यावर त्यांच्या शब्दाला वजनही आले. रॉसला स्वतः जे लिहिता येत नव्हते ते मॅन्सन लिहू शकत.

सरकारचा नकार निव्वळ आकसाचा होता, असे रॉस जन्मभर मानीत आला. ते पुरते खरे नव्हे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला. त्याच साली पावसाने दगा दिला आणि देशाच्या मोठ्या भागावर दुष्काळ कोसळला. पुढल्या पावसाळ्यात सरहद्द पेटली. तीन संकटे एकाच वेळी उभी. तिन्हींना डॉक्टर हवे. अशा समयी एका पलटणीच्या डॉक्टराने येऊन म्हणावे, ‘मला मोकळे करा, मला डासांची पोटे फाडून पाहावयाची आहेत,’ तर त्याच्याकडे पाहणाऱ्या वरिष्ठाच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल याची कल्पना करता येते. डासाचा आणि तापाचा संबंध तोवर कोणी सिद्ध केलेला नव्हता. अर्जदाराच्या नावावर मोठे संशोधन नव्हते. जे होते ते लाव्हरांच्या विरुद्ध होते.

पण या बचावाला एक उत्तर आहे, आणि ते त्याच वर्षाच्या मुंबईत सापडते. प्लेग सुरू होताच सरकारने हाफकिन या रशियन यहुदी शास्त्रज्ञाला कलकत्त्याहून मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली मिळाली. ऑक्टोबरात तो आला आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्याने आपली नवी लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. म्हणजे सरकारला एखाद्याला एकाच कामावर बसविणे अगदी अशक्य होते, असे नव्हे. प्लेगाने बंदरे ओस पडत होती, परदेशी व्यापाराला खीळ बसत होती, युरोपातली राज्ये डोळे वटारत होती. हिवताप यांपैकी काहीच करीत नव्हता. मृत्यूच्या नोंदवह्यांत ‘ताप’ हा सर्वांत मोठा रकाना होता. पण तो दरसाल भरत असे, म्हणून कोणाचे तिकडे लक्ष जात नसे. नित्याच्या मरणाला तातडी नसते. रॉसचा अर्ज मागे पडला तो या कारणाने, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

अर्ज मागे पडला तेव्हा रॉसने हक्काची रजा काढली. जे काम सरकार आपल्या वेळात करू देत नाही ते स्वतःच्या वेळात करावे, हा त्याचा हिशेब. 1897 च्या उन्हाळ्यात तो उटकमंडला गेला आणि तेथून खाली, तापासाठी बदनाम असलेल्या सिगुर घाटात उतरला. जंतू मिळण्याऐवजी त्याला स्वतःलाच हिवताप जडला. त्यातून उठून जूनमध्ये तो पुन्हा सिकंदराबादेस पलटणीवर हजर झाला.

त्यानंतरचे दोन महिने पुष्कळांनी वर्णिले आहेत. बेगमपेठच्या दवाखान्यातली अंधारी, तापलेली खोली. पंखा चालवावा तर फाडलेले डास उडून जातात म्हणून तो बंद. कपाळावरून ओघळणाऱ्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, आणि एक भिंग तडकलेले. शेकडो डास पाहून झाले, पण ते सारे घरगुती करड्या जातींचे होते. ऑगस्टच्या मध्यास त्याच्या माणसांनी आणलेल्या अळ्यांतून एक निराळीच जात निघाली: तपकिरी रंगाचे, पंखांवर ठिपके असलेले डास. हुसेन खान नावाच्या रोग्याला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा कबूल करून रॉसने ते त्याच्या अंगावर सोडले. 20 ऑगस्टला दुपारी, चार दिवसांपूर्वी रक्त प्यालेला एक डास फाडला असता त्याच्या जठराच्या भिंतीत रॉसला गोल पेशी दिसल्या. त्यांत हिवतापाच्या जंतूत असतो तसाच काळा रंगकण होता. दुसऱ्या दिवशी शेवटचा उरलेला डास फाडला. पेशी त्यातही होत्या, आणि एका दिवसाने वाढलेल्या होत्या. जंतू डासाच्या शरीरात जगतो आणि वाढतो, हे ठरले. आता उरले होते ते पुढले पाऊल: ही पेशी पिकते तेव्हा काय होते, आणि त्यातला जंतू माणसात परत कसा जातो? त्यासाठी हवे होते ठिपक्यांच्या पंखांचे आणखी डास, आणखी रोगी, आणि दोन-तीन महिन्यांचा वेळ. पाऊस सरता सरता हिवताप भरात येतो. म्हणजे वेळ तीच होती.

याच घटकेला मुंबईचा हुकूम आला.

खेरवाड्याला हिवताप जवळजवळ नव्हता. रोगी नाहीत, ठिपक्यांचे डास नाहीत, आणि सुमारे हजार मैल मागे सिकंदराबादेस जे सूत्र हाती आले होते ते तुटलेले. डिसेंबरात लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा लेख प्रसिद्ध झाला. लेखक मात्र अरवलीच्या पायथ्याशी भिल्ल शिपायांच्या जखमा बांधीत बसला होता. या काळातली त्याची पत्रे वाचताना त्याच्याबद्दल सहानुभूती वाटते, पण कधी कधी त्याच्या वरिष्ठांबद्दलही वाटू लागते. इतका कडू नोकर कोणाच्याही हाताखाली सुखाने नांदला नसता. राजीनामा देऊन मोकळे व्हावे, हा विचार त्याच्या मनात वारंवार येई. त्याने तो दिला नाही. एक तर पेन्शनची वर्षे भरत आली होती, आणि बायकोमुलांचा संसार पाठीशी होता. दुसरे म्हणजे हिंदुस्थानातून बाहेर पडला की डासही गेले, रोगीही गेले. ज्या खात्यावर तो रागावला होता त्याच खात्यात राहिल्यावाचून त्याचे काम पुरे होणार नव्हते. त्याला खाते सोडावयाचे नव्हते, खात्यातली जागा बदलावयाची होती. आणि त्याची खरी कोंडी झाली ती येथे.

खेरवाड्याच्या त्या रिकाम्या महिन्यांत एक गोष्ट मात्र घडली. माणसांचा ताप नाही म्हणून रॉसचे लक्ष पक्ष्यांच्या रक्ताकडे गेले. पक्ष्यांनाही हिवतापासारखे जंतू होतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पुढे हेच त्याच्या उपयोगी पडावयाचे होते.

लंडनमध्ये मॅन्सन स्वस्थ नव्हते. 20 ऑगस्टच्या शोधाने त्यांच्या हाती आता नुसता तर्क राहिला नव्हता, छापील पुरावा आला होता. त्यांनी तो योग्य त्या दारांपर्यंत नेला. अखेर वैद्यकीय सेवेचे मुख्याधिकारी क्लेगहॉर्न यांनी रॉसला एक वर्षाच्या खास कामगिरीवर घेतले आणि 1898 च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यास कनिंगहॅम यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. क्लेगहॉर्न यांना रॉसच्या चरित्रात सहसा कठोर वरिष्ठाची भूमिका मिळते. पण मंजुरी दिली तीही त्यांनीच, हे विसरता येत नाही. मात्र हुकमात एक जोड होती. रॉसने हिवतापाचा शोध करावयाचा, आणि त्याबरोबर आसामातल्या ‘काळा आजार’ या रोगाचाही. आसामच्या खोऱ्यात या रोगाने गावेच्या गावे बसविली होती. त्याचे कारण कळावे असे सरकारला मनापासून वाटत होते, आणि त्यात गैर काही नव्हते. रॉसला हवे ते मिळाले, सरकारने आपले हवे ते त्याला बांधून दिले. मागितलेली बदली मिळते तेव्हा ती बहुधा अशीच, काहीतरी शेपूट लावून मिळते. त्या शेपटाकडे रॉसने तेव्हा फारसे लक्ष दिले नाही.

कलकत्त्यात प्रयोगशाळा होती, पण रोगी मिळेनात. प्लेगाच्या टोचणीची शहरात धास्ती पसरली होती; गोरा डॉक्टर बोटाला सुई टोचू पाहतो म्हटले की लोक पळत. रॉसने आपल्या खर्चाने दोन मदतनीस ठेवले. त्यांतला एक पगार हाती पडताच निघून गेला. दुसरा मुहम्मद बक्श. तो राहिला. डास पकडणे, अळ्या वाढविणे, पक्ष्यांच्या पिंजऱ्यांवर मच्छरदाण्या लावून त्यांत डास सोडणे, ही सारी जोखमीची कामे तो करी आणि रात्री प्रयोगशाळेतच झोपे. किशोरीमोहन बंद्योपाध्याय हा तरुण बंगाली साहाय्यकही याच कामी आला. 1903 मध्ये त्याला सुवर्णपदक देऊन गौरविण्यात आले. मुहम्मद बक्शचे नाव मात्र रॉसच्या लिखाणाबाहेर फारसे आढळत नाही. बदलीच्या अर्जाची ही सारी धामधूम ज्या दर्जाच्या नोकरांसाठी असते, त्या दर्जाच्या कितीतरी खाली तो होता.

माणसे मिळत नाहीत तर पक्षी घ्यावे, असे रॉसने ठरविले. चिमण्या, चंडोल आणि कावळे यांच्या रक्तातला जंतू करड्या डासात वाढतो, हे त्याला पहिल्या काही आठवड्यांतच दिसले. मग उन्हाळाभर एक एक पायरी चढत तो जुलैत शेवटच्या पायरीवर आला. डासाच्या जठरावरची पेशी फुटते, तिच्यातून सुतासारखे बारीक असंख्य जंतू बाहेर पडतात, आणि ते सारे शेवटी डासाच्या मानेजवळच्या लाळग्रंथीत जमा होतात. म्हणजे पाणी पिऊन नव्हे, डास चावून रोग होतो. रॉसने तसे डास निरोगी चिमण्यांवर सोडले. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात जंतू उतरले. जुलैच्या अखेरीस एडिंबरा येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत मॅन्सन यांनी हा शोध जाहीर केला. फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत पाच महिनेही झाले नव्हते. जी खास कामगिरी मिळावयास इतका काळ लागला, तिच्यात हे काम इतक्या थोड्या अवधीत झाले, यावर वेगळी टीका करण्याची गरज नाही.

चिमणीचे सिद्ध झाले. माणसाचे व्हावयाचे होते. ठिपक्यांच्या डासावर तोच प्रयोग करावयाचा एवढेच उरले होते आणि पावसाळा संपत आला होता, म्हणजे पुन्हा हिवतापाचा हंगाम. तोच ऑगस्टात हुकमाचे शेपूट हलले. काळ्या आजारासाठी रॉसने आसामात जावे, असे फर्मान निघाले. त्याने आकांत केला, पण अटी त्याने पत्करल्या होत्या. पावसाळ्याचा शेवट आणि हिवाळ्याचे तोंड त्याने नौगावच्या आसपास काढले. लागोपाठ दोन वर्षे, दोन्ही वेळा शोध लागल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, आणि दोन्ही वेळा हिवतापाच्या ऐन भरात, सरकारी नोकरीने त्याला डासापासून उचलून दूर ठेवले.

इकडे तो आसामात असता रोममध्ये बातिस्ता ग्रासी आणि त्यांचे सहकारी बिन्यामी व बास्तियानेल्ली यांनी तेच पाऊल टाकले. 1898 च्या अखेरीस त्यांनी दाखवून दिले की माणसाचा हिवताप ॲनोफिलीस जातीचा डास पसरवितो. रॉसने पाहिलेला ठिपक्यांच्या पंखांचा डास याच जातीचा होता. मग श्रेय कोणाचे, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जो वाद पेटला तो दोघांच्या आयुष्याला पुरला आणि दोघांनाही शोभला नाही. 1902 चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉसला मिळाले. त्यानेही त्याची जखम भरली नाही. ज्या सप्टेंबरात त्याला नौगावला धाडले त्या सप्टेंबरात तो कलकत्त्यात असता तर वादाला जागाच उरली नसती, असे तो म्हणे. ते बहुधा खरे आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे. खेरवाड्यास गेला नसता तर तो पक्ष्यांकडे वळता ना; आणि कलकत्त्यात रोगी मुबलक मिळते तर माणसांवरच अडखळत राहता. पक्ष्यांत निरोगी प्राण्याला मुद्दाम रोग देऊन पाहता येतो; माणसावर हा प्रयोग हिंदुस्थानातल्या एका सर्जन-मेजराला 1898 साली सहजासहजी करता आला नसता. अडथळ्यांनी त्याचा एक हंगाम खाल्ला आणि दुसऱ्या अंगाने त्याला वाटही दाखविली. यातून वरिष्ठांच्या शहाणपणाचा निष्कर्ष काढावयाचा नाही. त्यांच्या मनात चिमण्या नव्हत्या.

आसामातले काम मात्र फसले. ज्याला माणूस नाइलाजाने हात घालतो त्यात त्याची नजर चालत नाही की काय, कोण जाणे. पण सिकंदराबादेस हजारो पेशींतून दोन पेशी अचूक ओळखणाऱ्या रॉसने काळा आजार हा हिवतापाचाच एक प्रकार आहे, असा अहवाल दिला. तसे मत आधी लेनर्ड रॉजर्स यांनीही दिले होते. दोघेही चुकले होते.

1898 च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीने पाठविलेले डॉक्टर डॅनियल्स कलकत्त्यास आले. त्यांनी रॉसचे सगळे प्रयोग पुन्हा पाहून ते बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. पुढल्या फेब्रुवारीत एक वर्षाची मुदत संपली. आता रॉसने मुदतवाढ मागितली नाही, बदलीही मागितली नाही. तो इंग्लंडला गेला, सेवेतून निवृत्त झाला, आणि लिव्हरपूल येथे उष्ण प्रदेशांतील रोगांच्या नव्याने निघालेल्या विद्यालयात अध्यापक झाला. त्याच वर्षी त्या विद्यालयाच्या मोहिमेबरोबर तो सिएरा लिओनला गेला आणि ॲनोफिलीस डासातला माणसाचा हिवताप त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला. हे काम त्याला एका वर्षापूर्वी बंगाल्यात करावयाचे होते.

काळ्या आजाराचे कारण 1903 मध्ये सापडले. विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टराने इंग्लंडमध्ये, डमडमहून परतलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत काही सूक्ष्म कण पाहिले होते. त्यांवरचा त्याचा लेख त्या वर्षी प्रसिद्ध झाला. मद्रास येथे चार्ल्स डोनोव्हन यांनी जिवंत रोग्याच्या प्लीहेतून तेच कण काढून दाखविले. डोनोव्हन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचेच, आणि रॉसच्या जुन्या मद्रास इलाख्यातले. आपली रोजची शिकवण्याची व इस्पितळातली नोकरी सांभाळून त्यांनी हे केले. नव्या जंतूला नाव हवे होते. ते सुचविले लिव्हरपूलहून रोनाल्ड रॉसने: लीशमनिया डोनोव्हनी. आजही त्याचे नाव तेच आहे.